चूकभूल द्यावी घ्यावी

जुन्या हिशेबाच्या वहीत, दुकानदाराच्या बिलावर आणि आजकाल मोबाईलवरच्या लांबलचक मेसेजच्या शेवटीही आपण एक वाक्य लिहितो: चूकभूल द्यावी घ्यावी. घाईत असलो तर नुसतं चू. भू. द्या. घ्या. त्याचा अर्थ सरळ आहे. हिशेब मी माझ्या परीने नीट केलाय, पण चूक सापडली तर सांगा, दुरुस्त करू. म्हणजे हिशेब संपला तरी दार पूर्ण बंद झालेलं नाही.

खेळातल्या पंचाच्या निर्णयाखाली मात्र हे वाक्य नसतं. त्याने हात वर केला की आऊट, दोन्ही हात आडवे पसरले की सेफ. चूक असली तरी तोच निर्णय. प्रश्न असा आहे की ती चूक नंतर सगळ्या जगाला दिसली, खुद्द पंचालाही दिसली, तर निर्णय बदलायचा की नाही? हा प्रश्न सगळ्यात टोकदारपणे विचारला गेला तो क्रिकेटमध्ये नाही, अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये. तारीख २ जून २०१०, शहर डेट्रॉइट.

ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सामना नऊ डावांचा असतो आणि प्रत्येक डावात समोरच्या संघाचे तीन गडी बाद करायचे असतात. म्हणजे एकूण सत्तावीस. एखाद्या गोलंदाजाने, ज्याला तिथे पिचर म्हणतात, हे सत्तावीसच्या सत्तावीस गडी एकालाही पहिल्या बेसवर पोहोचू न देता बाद केले, तर त्याला 'परफेक्ट गेम' म्हणतात. मेजर लीगचा इतिहास १८७६ पासून मोजतात. तेव्हापासून त्या दिवसापर्यंत हजारो हजार सामन्यांत हे फक्त वीस वेळा घडलं होतं.

त्या संध्याकाळी डेट्रॉइट टायगर्सचा व्हेनेझुएलन पिचर अर्मांडो गालारागा याने क्लीव्हलँडचे सव्वीस गडी ओळीने बाद केले होते. वय २८, फार मोठं नाव नाही, काही आठवड्यांपूर्वीच खालच्या लीगमधून परत बोलावलेला. सत्ताविसावा फलंदाज जेसन डोनाल्ड. त्याने चेंडू जमिनीलगत मारला. मिगेल काब्रेराने तो उजवीकडे धावत जाऊन अडवला आणि फेकला. गालारागा स्वतः पहिल्या बेसवर धावत गेला, चेंडू झेलला, पाय बेसवर. डोनाल्ड अजून एक पाऊल मागे होता. आणि पहिल्या बेसवरचे पंच जिम जॉइस यांनी हात पसरले. सेफ.

गालारागाने काय केलं? तो हसला. थोडंसं, अविश्वासाने. मग परत जाऊन पुढच्या फलंदाजाला बाद केलं आणि सामना ३-० असा जिंकला. जॉइस यांनी आत जाऊन चित्रीकरण पाहिलं, आणि सगळ्यांसमोर मान्य केलं की मी चुकलो, त्या मुलाचा परफेक्ट गेम माझ्यामुळे गेला. गालारागाला भेटून त्यांनी माफी मागितली. जॉइस काही नवखे नव्हते. वीस वर्षांहून अधिक अनुभव, खेळाडूंमध्ये मान असलेले पंच. दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्यायची मुभा असूनही ते मैदानात आले. सामन्याआधी संघाची यादी पंचाकडे द्यायची असते. टायगर्सचे मॅनेजर जिम लेलँड यांनी त्या दिवशी ती गालारागाच्या हातून पाठवली. जॉइस यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढच्या वर्षी या दोघांनी मिळून एक पुस्तकही लिहिलं.

सगळा देश म्हणत होता की निर्णय फिरवा. मिशिगनच्या राज्यपाल जेनिफर ग्रॅनहोम यांनी तर हा परफेक्ट गेमच आहे असं घोषणापत्र काढलं. एका मोटार कंपनीने गालारागाला गाडी दिली. पण ज्यांच्या हातात अधिकार होता ते बेसबॉलचे कमिशनर बड सेलिग यांनी निर्णय बदलला नाही. पंचगिरीची पद्धत आणि रिप्लेचा वापर तपासू, एवढं सांगितलं. नोंदवहीत आजही त्या सामन्यात क्लीव्हलँडच्या नावावर एक हिट आहे.

आता तुम्ही विचाराल, उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईला याचं काय पडलंय? सांगते.

मी खेळशिक्षिका नाही. पण मुलींचा संघ बाहेर जाणार असला की सोबत एक शिक्षिका लागते आणि ते काम बहुतेक वेळा भाषेच्या शिक्षिकेकडे येतं. शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आहे, आणि आमच्या मुली तो जीव लावून खेळतात. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचीच बहीण. बेस तेच, पळणं तेच, सेफ आणि आऊटही तेच. काही वर्षांपूर्वी आमचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोहोचला. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने पुढे, समोरच्या संघाचे दोन गडी बाद. एक चेंडू शॉर्टस्टॉपकडे आला, तिने पहिल्या बेसवर फेकला, आमच्या मुलीने झेलला. धावणारी मुलगी अजून पोहोचली नव्हती. आमच्या मुली उड्या मारायला लागल्या. पंचांनी सेफ दिला. मग पुढच्या दोन मुलींनी चांगले फटके मारले, दोन धावा झाल्या आणि आम्ही हरलो.

पहिल्या बेसवर जी मुलगी होती तिचे अब्बा त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा खेळ बघायला आले होते. मुलीने एवढ्या लांब खेळायला जावं हे त्यांना मनापासून पटलेलं नव्हतं. विभागीय स्पर्धा दुसऱ्या शहरात होती, दोन रात्री राहायचं होतं, त्यासाठी मी त्यांच्या घरी दोनदा जाऊन बसले होते. "पहले जीतने तो दो बाजी, फिर देखते," असं ते म्हणाले होते. आणि नेमका त्यांनीच तो झेल मोबाईलवर टिपला होता. त्यात स्वच्छ दिसत होतं. मुलगी बेसपासून हातभर लांब आणि चेंडू ग्लोव्हमध्ये. जो माणूस मुलीला खेळायला पाठवायला तयार नव्हता, तो आता सगळ्यांना मोबाईल दाखवत होता, आवाज चढलेला, कपाळावर घाम.

आम्ही आयोजकांकडे गेलो. उत्तर मिळालं की नियम चुकीचा लावला असेल तर लेखी हरकत घ्या, पण सेफ की आऊट हा पंचांच्या नजरेचा प्रश्न, त्यावर हरकत चालत नाही. पंचांनी मोबाईलकडे बघितलंच नाही. निर्णय दिलाय म्हणाले आणि निघून गेले.

परतीच्या गाडीत मुली भांडत होत्या. एक म्हणाली, ट्रॉफी परत मागा. दुसरी म्हणाली, सामना पुन्हा खेळवा. ती पहिल्या बेसवरची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाजी, ट्रॉफी नको मेरेकू. बस वो इतना बोल देते की आऊट था."

मी त्यांना गालारागाची गोष्ट सांगितली, जेवढी मला तेव्हा माहीत होती तेवढी. त्या ऐकत राहिल्या. पण त्या मुलीचं वाक्य माझ्या डोक्यात राहून गेलं. उर्दूत या बाबतीत तीन वेगळे शब्द आहेत. तसहीह म्हणजे चुकीची दुरुस्ती. तलाफी म्हणजे झालेलं नुकसान भरून देणं. आणि एतराफ म्हणजे कबुली. मराठीत आपण बोलताना हे तिन्ही एकत्र करून "न्याय द्या" म्हणतो. मुलींचं भांडण लक्षात घेतलं तर दिसेल की एक तलाफी मागत होती, एक तसहीह मागत होती आणि एकीला फक्त एतराफ हवा होता. पंचाची चूक नंतर फिरवावी का, या प्रश्नात गोंधळ होतो तो हे तीन शब्द एक केल्यामुळे.

आधी तसहीह घेऊ. निकाल फिरवायचा का? माझं उत्तर बहुतेक वेळा नाही असं आहे, आणि त्याचं कारण पंचांचा मान हे नाही. कारण हे की चुकीच्या निर्णयानंतरही खेळ चालू राहतो. १९८५ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना बघा. सेंट लुईस कार्डिनल्स १-० ने पुढे, तो सामना जिंकला की ते विजेते. नवव्या डावात पंच डॉन डेंकिंगर यांनी कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ओर्टाला पहिल्या बेसवर सेफ दिलं. तो आऊट होता. कॅन्सस सिटीने तो सामना २-१ ने जिंकला आणि सातवा ११-० ने. डेंकिंगर यांना पुढे धमक्या आल्या. पण त्या डावात मधे काय घडलं ते लोक विसरतात. ज्या ओर्टाला चुकून सेफ दिलं तो पुढे तिसऱ्या बेसवर बादच झाला. कार्डिनल्सच्या हातून एक सोपा उंच झेल निसटला, त्यांच्या कॅचरच्या हातून चेंडू सुटला, आणि मग डेन ओर्गने निर्णायक फटका मारला. आता यातलं काय पुसायचं आणि काय ठेवायचं? ओर्टा आऊट असता तर पिचरने पुढचे चेंडू तसेच टाकले असते का? कोणीच सांगू शकत नाही. आमच्या सामन्यातही पंचांच्या चुकीनंतर दोन मुलींनी खरे फटके मारले होते. त्यांची काय चूक? ट्रॉफी त्यांच्या हातून काढून घेतली असती तर एका मुलीचा अन्याय दूर करताना दोघींवर नवा झाला असता.

म्हणून मला एक साधा निकष सुचतो. चुकीच्या निर्णयावर पुढे काही उभं राहिलंय का? राहिलं असेल तर हात लावू नये. नसेल तर दुरुस्ती करावी. बेसबॉलने स्वतः एकदा हे केलंय. २४ जुलै १९८३ ला न्यूयॉर्कमध्ये यँकीजविरुद्ध कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटने नवव्या डावात होम रन मारून संघाला ५-४ असं पुढे नेलं. यँकीजनी तक्रार केली की त्याच्या बॅटला चिकट डांबरासारखा पाइन टार १८ इंचांच्या मर्यादेपेक्षा वर लावलाय. पंचांनी बॅट मोजली, ब्रेटला आऊट दिलं, सामना तिथेच संपला. कॅन्सस सिटीने लेखी हरकत घेतली. अमेरिकन लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी ती मान्य केली. त्यांचं म्हणणं असं की पाइन टारने चेंडू लांब जात नाही. बॅट बाजूला काढा, होम रन कशाला रद्द करता? १८ ऑगस्टला सामना त्याच जागेवरून पुढे सुरू झाला आणि काही मिनिटांत कॅन्सस सिटीने जिंकला. हे जमलं, कारण चुकीच्या निर्णयाने खेळ थांबला होता. त्यावर पुढे काही घडलेलं नव्हतं.

शिक्षकांना हा फरक लगेच कळेल. दहावीचा निकाल लागल्यावर गुणपडताळणी करता येते, उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते, पुनर्मूल्यांकन करता येतं. कारण उत्तरपत्रिका जशी लिहिली तशी कागदावर थांबलेली असते. मुलाने तिसरा प्रश्न कसा सोडवला हे दुसऱ्या प्रश्नाला किती गुण मिळाले यावर अवलंबून नसतं. एका मुलाचे चार गुण वाढले म्हणून दुसऱ्याने लिहिलेलं खोटं ठरत नाही. बीएडला मूल्यमापनात आम्ही विश्वसनीयता आणि वस्तुनिष्ठता शिकलो, पण कागद थांबतो आणि खेळ थांबत नाही, हे मला मैदानावर कळलं.

आता हाच निकष गालारागाला लावा. सत्ताविसावा गडी आऊट दिला असता तर सामना तिथेच संपला असता. चुकीच्या निर्णयानंतर फक्त एक फलंदाज आला आणि तो बाद झाला. जिंकणारा संघ तोच, गुण तेच, तक्त्यातली जागा तीच. डोनाल्डच्या खात्यातली एक हिट सोडली तर कोणाचं काही जात नव्हतं. म्हणजे हा सामना उत्तरपत्रिकेसारखा थांबलेला होता. म्हणून माझ्या मते सेलिग यांनी तो निर्णय बदलायला हवा होता.

त्यावर नेहमीचा आक्षेप असा की एकदा दार उघडलं की रांग लागेल. या भीतीत तथ्य आहे. क्रिकेटमध्ये २००६ च्या ओव्हल कसोटीचं काय झालं आठवा. चेंडू कुरतडल्याच्या ठपक्यावरून पाकिस्तानचा संघ मैदानात उतरला नाही, पंचांनी इंग्लंडला विजयी ठरवलं. दोन वर्षांनी, २००८ मध्ये, आयसीसीने निकाल बदलून सामना अनिर्णित केला. मग २००९ मध्ये पुन्हा इंग्लंडचा विजय करून ठेवला. निकष न ठरवता, मंडळांच्या दबावाखाली निकाल फिरवले की असं होतं. पण यावरचा उपाय दार भिंतीने बुजवणं हा नाही. दाराला उंबरठा ठेवावा: ज्या चुकीवर पुढे काही उभं राहिलं नाही आणि जी चूक खुद्द पंचाने मान्य केलीय, तेवढीच आत येईल. वर्षानुवर्षांत अशी प्रकरणं बोटावर मोजण्याइतकी निघतील.

आणि नोंदवही पवित्र असते, तिला हात लावायचा नसतो, हे म्हणणं तर टिकतच नाही. १९५९ मध्ये पिट्सबर्गच्या हार्वी हॅडिक्सने सलग बारा डाव एकालाही बेसवर येऊ दिलं नव्हतं. तेराव्यात सामना हरला. त्याची ती कामगिरी 'नो-हिटर'च्या यादीत होती. १९९१ मध्ये बेसबॉलने व्याख्या बदलली आणि हॅडिक्सच्या सामन्यासह पन्नास जुने सामने यादीतून काढून टाकले. बत्तीस वर्षांनी एखाद्याचा मान काढून घेता येतो, तर दुसऱ्या दिवशी देता का येऊ नये? चांगलं उदाहरणही आहे. कृष्णवर्णीय खेळाडूंना १९४७ पर्यंत मेजर लीगमध्ये घेत नव्हते. त्यांच्या निग्रो लीगची आकडेवारी २०२४ मध्ये अधिकृत नोंदींत घेतली गेली, आणि टाय कॉबची .३६७ ची फलंदाजीची सरासरी मागे टाकून जॉश गिब्सन .३७२ ने पहिला आला. गिब्सन १९४७ मध्येच वारला होता. कोणताही सामना पुन्हा खेळवला नाही, कोणाचा विजय काढला नाही. जे खरं होतं ते लिहिलं, एवढंच.

तलाफीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. उर्दू वर्तमानपत्रांत कोणी मोठा माणूस गेला की "नाकाबिले-तलाफी नुकसान" असं छापतात. मराठीत त्याला आपण कधीही भरून न निघणारी हानी म्हणतो. खेळातल्या बहुतेक चुका त्या जातीच्या असतात. गाडी दिली म्हणून परफेक्ट गेम मिळत नाही. एक तलाफी मात्र शक्य असते, ती पुढच्यांसाठी. २०१४ पासून बेसबॉलमध्ये मॅनेजरला निर्णयाला आव्हान देता येतं, न्यूयॉर्कमध्ये बसलेले पंच चित्रीकरण बघून तो तिथल्या तिथे बदलतात. चूक दुरुस्त करायची सगळ्यात चांगली वेळ पुढचा चेंडू पडायच्या आधीची. आपल्या मुंबईत, वानखेडेवर, १९८० च्या सुवर्णमहोत्सवी कसोटीत गुंडाप्पा विश्वनाथने हे यंत्राशिवाय केलं होतं. पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला झेलबाद दिलं, कर्णधार विश्वनाथला खात्री होती की बॅट लागली नाही, त्याने टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. त्या पराभवाची लाज वाटते असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

राहिला एतराफ. मला वाटतं की निकाल फिरवता येवो न येवो, कबुली द्यायला कधीच अडचण नसते, आणि नेमकी तीच आपल्याकडे सगळ्यात महाग असते. मैदानावर, शाळेत, कचेरीत, घरातही. चूक मान्य केली तर अधिकार जाईल असं वाटतं. जॉइस यांचा अधिकार गेला का? त्यानंतर अनेक वर्षं ते पंच राहिले आणि लोक त्यांना अधिकच मानू लागले. डेट्रॉइटच्या प्रेक्षकांना त्या माणसाचा राग आला होता, पण चुकलो म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी त्याला शिव्या घालणं त्यांना जड गेलं. गालारागालाही त्याच्या हक्काचं सगळं मिळालं नाही. २०२० मध्येही तो जाहीरपणे म्हणत होता की हा परफेक्ट गेम आपल्या नावावर व्हावा. म्हणजे कबुलीने दुरुस्तीची गरज संपत नाही. पण दुरुस्तीची वाट बघताना माणसाला खोटं ठरवलं जात नाही, हे कबुलीने साधतं.

त्या मुलीच्या अब्बांनी तो व्हिडिओ अजून जपून ठेवलाय. पुढच्या वर्षी त्यांनी तिला स्वतःहून खेळायला पाठवलं, मला घरी जावं लागलं नाही. हे चांगलंच झालं. पण एका बापाने मुलीवर विश्वास ठेवला म्हणून पंचांनी मोबाईलकडे न बघणं बरोबर ठरत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. ज्या निकालावर पुढचा खेळ उभा राहिलाय तो राहू द्या. ज्यावर काही उभं नाही तो दुरुस्त करा. आणि दोन्ही वेळा नोंदीखाली एक ओळ खरी लिहा: हा निर्णय चुकीचा होता. किराणा दुकानदार दहा रुपयांच्या बिलावर जे छापतो, ते मोठमोठ्या मंडळांना इतकं जड का जावं?